हिमायतनगरहून सायकलवर सहस्रकुंड, माहूर, इसापूर : कोणता रस्ता, किती अंतर, कधी निघावं

हिमायतनगर | प्रतिनिधी

पैनगंगा दुथडी भरून वाहते तेव्हा सहस्रकुंडचा धबधबा बघण्यासारखा असतो, आणि नेमका त्याच दिवसांत गांजेगावचा पूल पाण्याखाली जातो. हिमायतनगर परिसरात सायकलवर फिरायचं तर ही एक गोष्ट आधी डोक्यात पक्की पाहिजे. अंतर, चढ, मुक्काम हे सगळं त्यानंतर.

तालुक्याच्या रस्त्यांवर सायकल नवी नाही. दूधवाल्याची सायकल आहे, मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना मिळालेल्या सायकली आहेत, शेताकडे डबा घेऊन जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची काळी सायकल आहे. पण डोक्यावर हेल्मेट, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पिशव्या आणि हँडलवर मोबाईल लावून लांबचा प्रवास करणारे लोकही अधूनमधून दिसतात. भोकरकडून नाही तर किनवटकडून येतात, चहा पितात आणि विचारतात, "सहस्रकुंड किती लांब?" टपरीवरचा माणूस सांगतो, "हे काय, जवळच." मोटारसायकलवाल्याचं जवळ आणि सायकलवाल्याचं जवळ यात दोन तासांचा फरक पडतो, हे सांगणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ही माहिती त्या पाहुण्यांसाठी आहे, रस्ता सांगणाऱ्यांसाठी आहे, आणि सुट्टीत मित्रांसोबत निघू पाहणाऱ्या आपल्या गावच्या पोरांसाठीही आहे.

नदी, डोंगर आणि मधली पट्टी

हिमायतनगर, म्हणजे जुनं वाढोणा, एका पट्टीत वसलेलं आहे. उत्तरेला पैनगंगा. पूर्वेला आणि दक्षिणेला डोंगर सुरू होतात आणि ते किनवट, माहूर आणि पलीकडे तेलंगणातल्या आदिलाबादपर्यंत जातात. मधे काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर, हळद. त्यामुळे गावातून उत्तरेला निघालं की रस्ता सपाट आणि पूर्वेला निघालं की चढउताराचा. सायकलवाल्याला याच्यापेक्षा जास्त भूगोल लागत नाही.

पैनगंगा मात्र नीट समजून घ्यावी. ती बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, वाशिम, हिंगोलीकडून येते, इसापूरच्या धरणात अडते आणि पुढे नांदेड आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांच्या मधून वाहते. अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. १९४८ पर्यंत ही नदी म्हणजे निजामाच्या राज्याची हद्द होती, पलीकडे वऱ्हाड. हद्द गेली, पण अजून एका काठाची सूचना नांदेडचं प्रशासन देतं आणि दुसऱ्या काठाची यवतमाळचं. सायकलवर नदी ओलांडणाऱ्याने दोन्हीकडची चौकशी केलेली बरी.

नदीकडचा रस्ता : पळसपूर, डोल्हारी, गांजेगाव

नवशिक्याने इथून सुरुवात करावी. हिमायतनगरहून पळसपूर, डोल्हारीच्या बाजूने पैनगंगेपर्यंत दहा-बारा किलोमीटर. जाऊन येऊन सकाळच्या दोन-अडीच तासांत होतं, तेही मधे थांबून. चढ जवळजवळ नाहीच. दोन्ही बाजूंनी शेतं, मधूनच लिंबाची आणि बाभळीची झाडं, आणि नदी जवळ आली की हवेत थोडा गारवा. हिवाळ्यात सूर्य उगवायच्या वेळी नदीवर धुकं असतं आणि बगळे, करकोचे उथळ पाण्यात उभे असतात.

गांजेगावचा पूल ओलांडला की उमरखेड तालुका लागतो आणि पुढे ढाणकी. ढाणकीत चहा-नाश्ता मिळतो. ढाणकीच्या पुढे बिटरगावच्या बाजूला पैनगंगा अभयारण्याचं जंगल आहे. अभयारण्यातल्या आतल्या रस्त्यांवर वन विभागाच्या परवानगीशिवाय सायकल घालू नये, आणि अंधार पडल्यावर तर मुळीच नाही. डांबरी रस्त्याने सरळ गावातून गावात जायला अडचण नसते, पण जंगलाची चौकी दिसली की थांबून विचारावं. चौकीवरचे लोक सहसा चांगलं सांगतात, कुठे अस्वल दिसलं तेही सांगतात.

सहस्रकुंड : या भागातला सगळ्यात चांगला एक दिवस

एकच दिवस असेल तर तो सहस्रकुंडला द्यावा. हिमायतनगरहून किनवटच्या दिशेने निघून इस्लापूर पंचवीस-तीस किलोमीटर, आणि इस्लापूरहून धबधबा पाचेक किलोमीटर. म्हणजे एका बाजूने तीस-पस्तीस, जाऊन येऊन साठ-सत्तर. गिअरच्या सायकलवर रोज थोडीफार चालवणारा माणूस सामानासह ताशी बारा ते पंधरा किलोमीटर जातो. साध्या सायकलवर दहा धरावे. सकाळी साडेपाचला निघालं तर नऊच्या आत धबधब्यावर पोहोचता येतं, दोन तास तिथे काढून जेवून परत निघता येतं.

रस्ता हळूहळू डोंगरात शिरतो. चढ लांब आहेत पण अंगावर येणारे नाहीत. सागाची झाडं दिसायला लागली की किनवट तालुका आला समजायचं. पावसाळ्यात सागाला पांढरा मोहर येतो तेव्हा अख्खा डोंगर पिठूळ दिसतो.

धबधबा उंचीला फार मोठा नाही, पण रुंदीला आहे. पैनगंगा काळ्या कातळात अनेक धारांनी तुटून खाली पडते आणि खाली दगडात कोरलेल्या कुंडांतून फिरत पुढे जाते. नाव त्यावरूनच पडलं. काठावर महादेवाचं मंदिर आहे. या काठाला नांदेड जिल्हा आणि समोरच्या काठाला उमरखेड तालुक्यातलं मुरली. दोन्हीकडून धबधबा वेगळा दिसतो. पण दोन्हीकडून बघायचा म्हणून पाण्यातून, दगडांवरून पलीकडे जायचा विचार उन्हाळ्यातसुद्धा करू नये. कातळ वरून कोरडा दिसतो, पाय ठेवला की शेवाळ. सायकलच्या बुटांना तर पकड नसतेच. आणि इसापूरचे दरवाजे उघडले असतील तर वर आभाळ निरभ्र असतानाही पाणी वाढतं. फोटोसाठी कुंडाच्या काठावर उभं राहणाऱ्याला मागून येणारं पाणी दिसत नाही.

सहस्रकुंड नावाचं रेल्वे स्टेशनही मुदखेड-आदिलाबाद मार्गावर आहे. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, म्हणून थांबा आधी बघून घ्यावा. नांदेडहून येणाऱ्यांनी सायकल रेल्वेने आणायची असेल तर ती पार्सल म्हणून बुक करावी लागते. पार्सलची सोय मोठ्या स्टेशनवर असते. छोट्या स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात पार्सलच्या डब्यातून सायकल उतरेलच असं नाही. त्यापेक्षा कॅरिअर असलेल्या एसटीच्या टपावर टाकलेली सायकल लवकर पोहोचते. सामानाचं भाडं लागतं, आणि टपावर दोरीने स्वतः बांधावी. दुसऱ्याने बांधलेल्या सायकलचं मागचं गिअर वाकून निघाल्याच्या तक्रारी जास्त आहेत.

मोठा फेरा : किनवट, माहूर, उमरखेड आणि परत

तीन दिवस हाताशी असतील आणि पायात दम असेल तर पैनगंगेच्या जंगलाभोवती पूर्ण चक्कर मारता येते. हिमायतनगर, इस्लापूर, जलधारा, बोधडी, किनवट; तिथून सारखणी, वाई बाजार, माहूर; माहूरहून पैनगंगा ओलांडून धनोडा, महागाव, उमरखेड; आणि उमरखेडहून ढाणकी, गांजेगाव करत हिमायतनगर. एकूण दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर.

पहिला दिवस हिमायतनगर ते किनवट, सुमारे साठ किलोमीटर. सहस्रकुंडकडे वळलं तर दहा-बारा आणखी. बोधडीनंतर जंगल दाट होतं. रस्त्याच्या कडेला गोंड, कोलाम, आंध, परधान यांची गावं आणि बंजारा तांडे लागतात. दुपारी उन्हाच्या वेळी इथे दुकान उघडं सापडेलच असं नाही, म्हणून पाणी आधीच्या गावातून भरून घ्यावं. किनवटला लॉज आहेत, सायकल दुरुस्ती आहे, दवाखाना आहे. पुढच्या दिवसाची जी काही खरेदी करायची ती किनवटलाच करावी.

दुसरा दिवस किनवट ते माहूर, पन्नासेक किलोमीटर. अंतर कमी, पण खरा चढउतार याच दिवशी. सारखणीच्या आसपास डोंगर उभा राहतो. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नये, रिम तापते आणि गट्टू घासून संपतात. दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा. माहूर गावात पोहोचल्यावर गड अजून वर आहे. रेणुकादेवी हे साडेतीन शक्तिपीठांपैकी एक, त्यापुढे दत्तशिखर आणि अनसूया मातेचं शिखर, खाली मातृतीर्थ, शिवाय रामगड किल्ला आणि पांडवलेणी. सायकल गावात मुक्कामाच्या जागी ठेवून गडावर एसटीने जाणं शहाणपणाचं. नवरात्रात आणि दत्त जयंतीला तर घाटात वाहनांवर बंधनं असतात आणि गर्दीही इतकी की सायकल ढकलायलाही जागा मिळत नाही. गडावर माकडं आहेत. पिशवीत काय आहे हे त्यांना माणसाच्या आधी कळतं. देवीचा विड्याचा तांबूल मिळतो तो घ्यावा आणि बाकीचं खाणं बंद डब्यात ठेवावं.

एक दिवस जास्त असेल तर किनवट तालुक्याच्या टोकाला पैनगंगेच्या काठावर उनकेश्वर आहे. गंधकाचे गरम पाण्याचे झरे आणि महादेवाचं मंदिर. पन्नास किलोमीटर चालवून आलेल्या पायांना ते पाणी काय वाटतं ते ज्याने अनुभवलं त्यालाच विचारावं.

तिसरा दिवस सगळ्यात लांब, सुमारे शंभर किलोमीटर. धनोडा-महागावकडून उमरखेडपर्यंतचा बराच भाग नागपूर-यवतमाळ-नांदेड-तुळजापूर या राष्ट्रीय महामार्गावरून जातो. रस्ता गुळगुळीत, पण ट्रक मोठे आणि वेग जास्त. पांढऱ्या पट्टीच्या बाहेरच्या कडेने चालवावं आणि अंधार पडायच्या आत उमरखेड गाठावं.

आता खरा प्रश्न. उमरखेडहून हिमायतनगरला यायचे रस्ते दोन. एक ढाणकी-गांजेगावकडून, पस्तीसेक किलोमीटर, शांत आणि सुंदर. दुसरा महामार्गाने मार्लेगावच्या पुलावरून हदगाव आणि हदगावहून हिमायतनगर, पन्नासच्या आसपास. फरक पंधरा किलोमीटरचा, म्हणजे सायकलवर तास-सव्वा तास. तीन दिवस चालवून थकलेल्या माणसाला हा तास फार मोठा वाटतो. गांजेगावच्या पुलावर घोटाभर पाणी दिसतं, पलीकडचा काठ समोर दिसतो, घर दहा-बारा किलोमीटरवर असतं. आणि तिथेच माणूस चूक करतो. घोटाभर पाणी पायाला काही करत नाही, पण सायकलची दोन चाकं, वर बांधलेल्या पिशव्या यांना ते बाजूने ढकलतं. पुलाची कड पाण्याखाली दिसत नाही. पूल खचला आहे की शाबूत, तेही दिसत नाही. मोटारसायकलवाले जातात म्हणून आपण जावं असं नाही, कारण मोटारसायकल जड असते आणि तरीही ती वाहून गेल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात कुठून ना कुठून येतातच. पुलावर पाणी असेल तर मागे फिरून हदगावचा रस्ता धरावा, नाही तर ढाणकीत मुक्काम करावा. काठावर उभ्या गावकऱ्यांनीही "जाते, जाते, हळू जा" असं कोणाला सांगू नये.

क्युसेकची बातमी कशी वाचायची

इसापूर, म्हणजे ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचं धरण भरलं की दरवाजे उघडतात आणि मोबाईलवर संदेश फिरतो, अमुक हजार क्युसेक विसर्ग सुरू. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर पाणी. धरणातून सुटलेलं पाणी आपल्या पट्ट्यात यायला काही तास लागतात. म्हणून सकाळी विसर्गाची बातमी आली आणि पूल मोकळा दिसला, तर तो संध्याकाळी परत येताना मोकळा असेलच असं धरू नये. फसगत इथेच होते.

दुसरं म्हणजे इसापूरचे दरवाजे बंद आहेत म्हणून नदी शांत असेल असंही नाही. हिंगोलीकडून येणारी कयाधू धरणाच्या खाली पैनगंगेला मिळते. तिच्यावर धरणाच्या दरवाज्यांचा हुकूम चालत नाही. हिंगोली-कळमनुरीकडे रात्री जोराचा पाऊस झाला की त्याचं पाणी आपल्याकडे येणारच. त्यामुळे जून ते ऑक्टोबर या काळात निघण्याआधी तीन चौकशा कराव्यात : इसापूरचा विसर्ग, हिंगोलीचा पाऊस आणि नदीकाठच्या गावातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला फोन. तिसरी चौकशी सगळ्यात भरवशाची.

तळ्यांकडचे रस्ते

इसापूरचा जलाशय बघायला हदगाव-उमरखेडकडून पुढे पुसद तालुक्यात जावं लागतं. हिमायतनगरहून एका दिवसात जाऊन येणं होत नाही, उमरखेडला मुक्काम करावा. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाता येत नाही, पण बाजूच्या रस्त्यांवरून पाण्याचा विस्तार दिसतो आणि हिवाळ्यात पाहुणी बदकं उतरलेली असतात. वाटेत हदगावला दत्तबर्डीचं टेकडीवरचं देऊळ आहे, तिथून हदगावचा सगळा परिसर दिसतो.

इसापूरच्या कॅनॉलच्या कडेने जो कच्चा रस्ता जातो तो उन्हाळ्या-हिवाळ्यात सायकलला चांगला असतो. ट्रक नाहीत, सावली बऱ्यापैकी, चढ नाही. मात्र तो रस्ता शेतकऱ्यांच्या कामाचा आहे, पाळी सुटली की रात्रंदिवस माणसं तिथे असतात. बैलगाडी, ट्रॅक्टर आधी जाऊ द्यावा. पाऊस पडल्यावर तिकडे वळूच नये. आपल्या काळ्या मातीचा चिखल चाकाला असा चिकटतो की मडगार्ड आणि टायरमधली जागा भरून चाक फिरायचंच थांबतं. शंभर मीटर जायला अर्धा तास लागतो. गावातल्या पोरांना हे सांगायची गरज नाही, पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना आहे. मडगार्ड काढून ठेवणं आणि खिशात एक पळसाची काडी ठेवणं हा त्यावरचा उपाय.

भोकरकडे जाणाऱ्यांसाठी सोनारी फाटा, सरसमचा रस्ता आहे. भोकर चाळीसच्या आसपास, आणि भोकर तालुक्यात रेणापूरजवळ सुधा प्रकल्पाचं तळं आहे. दिवसभराची निवांत फेरी होते. त्याहून लांब, नांदेडच्या पलीकडे कंधारला राष्ट्रकूट काळातला जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव आणि भुईकोट किल्ला आहे. तो वेगळा प्रवास, हिमायतनगरहून सुरू करायचा नाही. दुधड, वाळकेवाडीकडचे डोंगरातले रस्ते छोटे पण छातीत भरणारे आहेत. मोबाईलला रेंज कमी मिळते, एकट्याने जाऊ नये.

महिना कोणता

ऑगस्ट-सप्टेंबर धबधब्यासाठी, पण खड्डे आणि पूर अंगावर घेऊन. धबधबा बघायचा आणि पूलही मोकळा हवा असेल तर पाऊस उघडल्यावर सप्टेंबर सरताना किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला जावं. पाणी तोवर गढूळ राहत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सायकल चालवायला सगळ्यात चांगले महिने. मार्चपासून ऊन, एप्रिल-मेमध्ये सकाळी दहानंतर रस्त्यावर राहणं म्हणजे आजाराला आमंत्रण. त्याच दिवसांत मोहफुलं पडतात. पहाटे मोहाखाली माणसंही वेचायला येतात आणि अस्वलंही. जंगलातल्या रस्त्यावर पहाटे घंटी वाजवत, बोलत जावं, आणि कानात गाणी घालून जाऊ नये.

ऑक्टोबरमध्ये एक वेगळीच अडचण. सोयाबीन काढणीला येतं आणि खळ्याला जागा नसली की रस्त्यावर पसरलं जातं. शेतकऱ्याची अडचण खरी आहे, पावसाने भिजलेला माल वाळवायला डांबरासारखी जागा नाही. पण सोयाबीनच्या दाण्यांवर सायकलचं बारीक टायर म्हणजे काचेच्या गोट्यांवर पाय. रस्त्याच्या एकाच बाजूला पसरलं, दोन्ही टोकांना दगडाऐवजी हिरवी फांदी किंवा लाल कापड लावलं, आणि अंधारात रस्ता मोकळा केला तर दोघांचंही भागतं. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांना मागे लाल पट्टी नसते ही तक्रारही जुनीच. सायकलवाल्याने मात्र स्वतःचा मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा.

सायकल आणि दुरुस्ती

महागडी सायकल लागत नाही. नदीकडचा रस्ता आणि सहस्रकुंड साध्या सायकलवर होतं, चढावर उतरून ढकलायची लाज वाटू दिली नाही म्हणजे झालं. सीट इतकी वर पाहिजे की पायडल खाली गेल्यावर गुडघा जवळजवळ सरळ होईल. आपल्याकडे सीट खाली ठेवायची सवय आहे, त्याने लांबच्या प्रवासात गुडघे दुखतात.

बाहेरून येणाऱ्यांच्या सायकलींची ट्यूब आपल्या दुकानात मिळत नाही, आकार वेगळा असतो. काहींचा व्हॉल्व्हही बारीक असतो, त्याला दुकानातला पंप बसत नाही. त्यासाठी छोटी पितळी टोपी मिळते, ती जवळ ठेवावी, शिवाय दोन ट्यूब, पंक्चरच्या चकत्या, सोल्युशन आणि हातपंप. गावातला पंक्चरवाला चकती कुठल्याही ट्यूबला लावून देतो, फक्त टायर काढताना लोखंडी पान्याने रिम दाबली जाऊ नये एवढं त्याला आधी सांगावं. इकडच्या पंक्चरचं मुख्य कारण खिळा नव्हे, बाभळीचा काटा. काटा टायरमध्ये राहतो आणि नवी ट्यूबही फोडतो. म्हणून टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढल्याशिवाय ट्यूब घालू नये. किनवट सोडलं की माहूरपर्यंत आणि हिमायतनगर सोडलं की किनवटपर्यंत स्वतःच्या हातावर अवलंबून राहायची तयारी ठेवावी.

लांब पल्ल्याच्या हौशी सायकलस्वारांमध्ये ब्रेव्हे नावाचा प्रकार चालतो. भारतात त्याचं काम ऑडॅक्स इंडिया बघते. शर्यत नसते, ठरलेल्या वेळेत अंतर पूर्ण करायचं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस तास. हिमायतनगर ते माहूर आणि त्याच रस्त्याने परत हे अंतर दोनशेच्या पुढे जातं. आपल्या पोरांपैकी कोणाला हौस असेल तर सराव करायला रस्ता दारात आहे. फक्त घाईघाईने एका दिवसात करून सहस्रकुंड न बघता परत येऊ नये.

मुक्काम आणि गावकरी

किनवट, माहूर, उमरखेड, भोकर इथे लॉज किंवा भक्तनिवास मिळतात. मधल्या गावात रात्र पडली तर सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटून मंदिराच्या ओसरीवर किंवा शाळेच्या व्हरांड्यात झोपायची परवानगी मागावी. ओळखपत्र जवळ ठेवावं आणि न मागता दाखवावं. अनोळखी माणूस गावात झोपला की लोकांना शंका येते, त्यात गावकऱ्यांचं चुकत नाही. बाई एकटी किंवा मैत्रिणीसोबत फिरत असेल तर एखाद्या कुटुंबात सोय करून द्यावी. आशाताई, अंगणवाडीताई यांना विचारलं की घर सापडतं.

फाट्यावरच्या हॉटेलवाल्यांनी लक्षात घ्यायची गोष्ट अशी की सायकलवाला माणूस कारवाल्यापेक्षा जास्त खातो. पिठलं-भाकरी, ठेचा, भात, ताक जे असेल ते. त्याला एसी नको, माठाचं गार पाणी, सायकल नजरेसमोर उभी करायला जागा आणि हातपाय धुवायला मोरी पाहिजे. भाव आधी सांगावा. जेवण झाल्यावर सांगितलेल्या भावावरून एकदा वाद झाला की तो गट परत त्या फाट्यावर थांबत नाही, आणि पुढच्या गटालाही सांगून ठेवतो.

कुत्रं मागे लागलं तर वेग वाढवू नये, उतरून सायकल मधे धरावी, ते थांबतं. अपघात झाला तर रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२, जंगलात प्राण्याची अडचण आली तर वन विभागाचा १९२६. साप चावला तर गावठी उपाय न करता सरळ सरकारी दवाखाना गाठावा. रेंज नसलेल्या भागात शिरण्याआधी आपण कुठे आहोत आणि किती वाजेपर्यंत कुठल्या गावात पोहोचू हे घरी किंवा मागच्या टपरीवर सांगून निघावं.